वानखडे सरांची बिनडिझेलची जीप

वानखडे सरांची जीप गल्लीत शिरली की कुत्री भुंकत नाहीत. ती शेपटी हलवत तिच्या मागोमाग चालतात आणि जीप थांबली की सायलेन्सरसमोर अर्धवर्तुळ करून बसतात. कारण सायलेन्सरमधून कचोरी तळल्याचा वास येतो. एकदा परगावच्या एका पाहुण्याने, नाश्त्याची सोय जवळच दिसते, असं म्हणून वासाचा माग काढत सरांचं अंगण गाठलं होतं. त्याला नाश्ता मिळाला नाही. बायोडिझेलवर व्याख्यान मिळालं आणि निघताना तपकिरी साबणाची एक वडी.

मी खामगावात एका दैनिकाचा प्रतिनिधी आहे आणि सरांच्या समोरच्या घरात राहतो. पहिल्या गोष्टीमुळे सरांना माझ्याकडून आशा असते. दुसरीमुळे मला त्यांच्यापासून सुटका नसते.

सर म्हणजे पी.टी.चे सर. नोकरीभर त्यांनी पोरांकडून कवायत करून घेतली आणि निवृत्त झाल्यावर तीच पोरं, आता पोट सुटलेली, त्यांना बाजारात जागोजागी भेटू लागली. ज्या हॉटेलातून सर वापरलेलं तेल आणतात त्याचा मालक त्यांचा विद्यार्थी. सर डबा घेऊन दारात उभे राहिले की तो गल्ला सोडून सावधान उभा राहतो. जीप बंद पडली की सर शिट्टी वाजवतात, आणि गल्लीतले बाप्ये, ज्यांच्यातल्या काहींना आता जावई आहेत, उंचीप्रमाणे रांग लावून ढकलायला उभे राहतात. उंचीप्रमाणे का, हे एकदा मी विचारलं. सर म्हणाले, "तशीच रांग लावत असतात."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे: "फायदा-तोटा दोन्ही पाहा लागते." हे ते कशाबद्दलही म्हणतात. शेजारच्या मुलीला सांगून आलेल्या स्थळाचा फोटो त्यांनी हातात घेतला, चष्मा लावला आणि मुलीच्या वडलांसमोर नवऱ्या मुलाचे फायदे आणि तोटे स्वतंत्रपणे सांगितले. तोट्यांत मुलाचे कान होते. लग्न झालं, सरांना पत्रिका आली नाही.

डिझेलच्या बाबतीत मात्र ते निःपक्षपाती आहेत, हे मान्य करावं लागेल. "डिझेल वाईट आहे असं मी म्हणतच नाई," ते म्हणतात. "डिझेलले ताकद आहे. ओझं ओढते, एव्हरेज देते, गावोगावी पंप आहे. हा झाला फायदा. आता तोटा पाहा. धूर आहे. काजळी आहे. आन् वास आहे." वासापाशी ते नेहमी जरा थांबतात. मला हे अजब वाटायचं. डिझेलच्या धुराने माणसांच्या फुप्फुसांचं काय होतं यावर मी बातम्या लिहिल्या आहेत. त्यांत वास हा मुद्दा कुठे आलेला मला आठवत नाही. सरांच्या यादीत तो शेवटी येई आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात येई.

जीप त्यांनी गेल्या वर्षी दिवाळी संपता संपता एका कापूस-जिनिंगवाल्याकडून घेतली. डिझेलवर चालणारी, जुनी, बाजूंना काचांऐवजी रेक्झिनचे पडदे असलेली. आणली त्याच दिवशी त्यांनी टाकी रिकामी केली आणि गल्लीला उद्देशून जाहीर केलं की पुढच्या भाऊबीजेला ही गाडी डिझेलचा एक थेंबही न घालता, घरी केलेल्या बायोडिझेलवर, खामगावहून जानेफळला जाईल आणि परत येईल. जानेफळ ही त्यांची सासुरवाडी. तिथेच का, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी तीन कारणं दिली: रस्त्यात चढ आहे, अंतर चाचणीला पुरेसं आहे आणि तिथं गाडी उभी करायला जागा आहे. बायकोच्या माहेराचं इतकं वस्तुनिष्ठ वर्णन मी पूर्वी ऐकलं नव्हतं.

त्यानंतर वर्षभर त्यांच्या अंगणात कारखाना चालला. हॉटेलातलं काळं तेल गाळायचं, तापवायचं, त्यात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घालून ढवळायचं आणि निवू द्यायचं. वर राहतं ते बायोडिझेल. खाली बसतं ते ग्लिसरीन. त्याचा साबण होतो आणि तो शेजाऱ्यांना घ्यावा लागतो. अंगणात असं इंधन तयार करायला परवानगी लागते का, असं मी विचारलं. सर म्हणाले, "तुमी छापलं नाई तं नाई लागत." त्यांची भूमिका मी इथे जशीच्या तशी देतो आहे.

तयार झालेल्या प्रत्येक घाण्यातलं थोडं वाटीत घेऊन ते स्वयंपाकघरात जात आणि चंद्रकला काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, हुंगायला लावत. काकू भाकरी थापता थापता मान वळवून हुंगत आणि नाक मुरडत किंवा मान डोलावत. नाक मुरडलं की सगळा घाणा पुन्हा पाण्याने धुवायचा, पुन्हा निवू द्यायचा. इंधन तपासायची ही पद्धत जगात आणखी कुठे वापरतात, याची माहिती मिळू शकली नाही.

बायोडिझेलचे फायदे सरांना पाठ होते: धूर कमी, इंजिनाला वंगण मिळतं, टाकाऊ तेल मार्गी लागतं. तोटे त्यांना जीपने एकेक करून शिकवले.

पहिला जानेवारीत. हॉटेलचं तेल थंडीत थिजतं. त्याचं बायोडिझेलही थिजलं आणि टाकीत तुपासारखा गोळा झाला. सरांनी टाकीला गोधडी गुंडाळली, तिच्यात गरम पाण्याच्या पिशव्या खोचल्या आणि खाली निखाऱ्यांची शेगडी सरकवू लागले, तेव्हा काकूंनी घरातून येऊन शेगडी उचलून नेली. पण गल्लीला जे पाहायचं होतं ते दिसलं होतं. संध्याकाळपर्यंत सरांची जीप बाळंत झाली ही बातमी बाजारात पोचली, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी बॉनेटवर डिंकाचा लाडू ठेवून गेलं. सरांनी तो खाल्ला.

दुसरा उन्हाळ्यात. बायोडिझेल टाकीतली घाण सोडवतं. जिनिंगवाल्याने अनेक वर्षं साचवलेला गाळ सुटून फिल्टरमध्ये आला आणि जीप भर बाजारात, भाजीवाल्यांच्या मधोमध थांबली. "टाकी साफ होते, हा फायदा," सर ढकलणाऱ्यांना सांगत होते. "फिल्टर बुजते, हा तोटा." ढकलणाऱ्यांना त्या वेळी फायदा दिसत नव्हता. तिसरा पावसाळ्यात: जुने रबरी पाइप मऊ पडून पाझरू लागले. सरांनी बहुतेक पाइप बदलले.

बहुतेक, सगळे नाही.

या काळात सरांचा एक नियम होता, आणि तो ते फार कडकपणे सांगत. काही लोक खायचं तेल तसंच, प्रक्रिया न करता डिझेल इंजिनात ओततात. सरांच्या मते अशा माणसाला लायसन देऊ नये. कच्चं तेल जाड असतं, नीट जळत नाही, इंजिनात चिकटा धरतं. "त्यापेक्षा डिझेल टाका," ते म्हणत. "डिझेल परवडलं. कच्चं तेल म्हणजे इंजिनाचा खून."

गल्लीत त्यांचा खरा विरोधक प्रकाश. हाही विद्यार्थीच. त्याचं कृषी केंद्र आहे आणि दारात पांढरी, उंच, नवी डिझेल गाडी आहे. तिचा हप्ता आणि एव्हरेज तो न विचारता सांगतो. दिवाळी जवळ आली तसा तो सरांच्या अंगणाच्या भिंतीला टेकून उभा राहू लागला.

"सर, काऊन जिवाले तरास करून राह्यले? मले मेहकरले बहिणीकडे जायाचं आहे. काकूले एसीत बसवून जानेफळले सोडून देतो."

काकू दारातून म्हणाल्या, "नाई गा प्रकाश. मले नाई जमत."

प्रकाशला हा त्याच्या गाडीचा अपमान वाटला. मला तो नवऱ्यावरचा विश्वास वाटला, आणि मी तो जरा आंधळा समजलो. काकू गावाबाहेर कधी जात नाहीत, हे गल्लीला माहीत होतं. लग्नकार्याला सर एकटे जातात. दर भाऊबीजेला काकूंचा भाऊच जानेफळहून येई, ओवाळून घेई, मुक्काम करून जाई. गेल्या वर्षी तो काठी टेकत आला होता. यंदा त्याच्या खुब्याचं हाड मोडल्याने तो येणार नव्हता. हे सगळं मला माहीत होतं. पण त्याचा जीपशी संबंध जोडायचं काही कारण मला दिसलं नव्हतं.

भाऊबीजेला सकाळी सरांनी मला निरीक्षक म्हणून मागच्या सीटवर बसवलं. टाकीत डिझेल नाही हे मी हुंगून खात्री करून घ्यावं, असा त्यांचा आग्रह होता. मी हुंगलं. मला कचोरीची आठवण झाली. काकू नवं लुगडं नेसून, ओवाळणीचं ताट फडक्यात बांधून आणि करंज्यांचा डबा मांडीवर घेऊन पुढे बसल्या. जीपमध्ये त्या पहिल्यांदाच बसत होत्या. गल्ली बघायला आली होती. सरांनी शिट्टी वाजवली, कोणासाठी ते कळलं नाही, आणि आम्ही निघालो.

खामगाव मागे पडेपर्यंत सर फायदे सांगत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून मोकळी झालेली रानं होती, कापूस फुटला होता. मेहकरच्या रस्त्याचा चढ सुरू झाला आणि इंजिनाने आवाज बदलला. सर फायदे सोडून इंजिन ऐकू लागले. जीप थोडी वर गेली, खोकली, पुन्हा थोडी गेली आणि थांबली.

मागे रस्त्यावर तेलाची एक बारीक ओळ दिसत होती. न बदललेला तो एक पाइप फुटला होता आणि कुठूनतरी मागूनच टाकी गळत आली होती. सरांनी खाली झोपून पाइप कापला, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून क्लिप आवळली. गळती थांबली. पण टाकीच्या तळाशी जेमतेम काही उरलं होतं. घरून बायोडिझेल आणायचं तर दुपार जाणार होती, आणि जानेफळला काकूंचा भाऊ आंघोळ करून बसला असणार होता.

इतक्यात बायकोपोरांना घेऊन मेहकरला निघालेल्या प्रकाशची पांढरी गाडी आली. तो शेजारी उभा राहिला, काच खाली केली. सर त्याला पहिलं वाक्य म्हणाले ते असं: "गाडी बंद कर पहिले."

प्रकाशने बंद केली. काय झालं ते बघितलं. त्याला हसता आलं असतं; त्याने ते बायकोकडे तोंड फिरवून उरकलं. मग म्हणाला की खाली पंप आहे, तो कॅन भरून डिझेल आणतो, तोवर काकूंनी एसीत बसावं. काकूंनी नकारार्थी मान हलवली. प्रकाश मागे वळून गेला आणि थोड्या वेळात खरोखरच डिझेल घेऊन आला.

"टाका सर. चढ चढा, ओवाळून या. कोण पाहून राह्यलं?"

सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी म्हणालो की माझी हरकत नाही, मी दुसरीकडे बघतो. हे मी मनापासून म्हणालो. मला भूक लागली होती.

"डिझेल नाई," सर म्हणाले. "थो कॅन दूर ठेव. तिकडे, झाडापाशी."

प्रकाशचा संयम तिथे संपला. सर मोठे हट्टी आहेत हे तो शाळेपासून जाणतो, म्हणाला. पण म्हातारा माणूस तिकडे वाट पाहून राहिला आहे, आणि हे इकडे प्रयोगापायी त्याच्या बहिणीला रस्त्यात बसवून राहिले आहेत. हे त्याने काकूंसमोर, बायकोपोरांसमोर, चांगल्या मोठ्या आवाजात सांगितलं. माझंही मत तेच होतं. सरांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जा. किराण्यातून सोयाबीन तेलाची पाकिटं घेऊन ये. भेटतीन तेवढी."

प्रकाश त्यांच्याकडे पाहत राहिला. मग, का कोण जाणे, गेला.

पाकिटं आली. ज्या माणसाने वर्षभर कच्च्या तेलाला खून म्हटलं होतं, त्याने चढावर उभं राहून एकेक पाकीट दातांनी फाडून आपल्या टाकीत पिळलं. मी त्यांना आठवण करून दिली की त्यांच्याच हिशेबाने यापेक्षा डिझेल बरं. शिवाय आता ही चाचणी बायोडिझेलची राहिली नाही. ती अशीही बुडाली, तशीही बुडाली.

"लिवून घ्या," सर म्हणाले. वर पाहिलं नाही. "प्रयोग फसला म्हणून लिवून घ्या." आणि पुढचं पाकीट फाडलं.

हे मला अनपेक्षित होतं. हरल्याचं इतक्या स्वस्तात कबूल करणारा माणूस मग अडून कशासाठी बसला होता? मी जीपजवळ आलो. काकू पदर नाकाशी धरून, झाडापाशी ठेवलेल्या कॅनकडे पाठ करून बसल्या होत्या. चेहरा पांढरा पडला होता.

"मले डिझेलचा वास आला का पोटात ढवळते," त्या हळूच म्हणाल्या. "लहानपणापासून. लग्न झालं तं जानेफळहून आमाले ट्रकनं आणलं. खामगावपर्यंत ओकत आली मी. शालूवर ओकली, ह्यायच्या नव्या पॅन्टवर ओकली. सारे वराती हासत. ह्यायनं रुमाल देला." त्यांनी मांडीवरचा डबा सरळ केला. "मंग मी माहेरी गेलीच नाई. दादाच येत जाये. गेल्या खेपेले जाता जाता म्हणे, चंद्रे, आता माह्यानं येनं होत नाई. त्याच आठवड्यात ह्यायनं हे डबडं आणलं."

सरांनी त्यांना कधी सांगितलं होतं का, असं मी विचारलं.

"मलेबी प्रयोगच सांगतात," काकू म्हणाल्या. "म्या कायले विचारू? रोज वाटी नाकाखाली आणत."

कच्च्या तेलाने जीप सुरू झाली. खूप खाकरली, पांढरा धूर सोडला, आणि मग आमच्या सगळ्यांच्या आश्चर्याला न जुमानता चढली. प्रकाश त्याचा कॅन डिकीत ठेवून, बराच मागे राहून, माथ्यापर्यंत आमच्या पाठी आला. पुढे गेला नाही. पुढे गेला असता तर त्याचा धूर आमच्यावर आला असता. हे त्याला कोणी सांगितलं, मला माहीत नाही. मी सांगितलं नव्हतं.

जानेफळला काकूंचा भाऊ अंगणात खुर्चीवर बसलेला होता. जीप थांबली तरी त्याला बहीण खरंच आली यावर विश्वास बसायला वेळ लागला. काकू उतरल्या आणि जमिनीवर नीट उभ्या राहिल्या. भावाने विचारलं, "ओकली नाई?" आणि काकूंनी नाही म्हणून मान हलवली. मग ओवाळणं झालं. सर आत गेले नाहीत. ते बाहेर जमलेल्या शेतकऱ्यांना, दातांत अडकलेलं प्लास्टिक काढत, बायोडिझेलचे तोटे सांगत होते. त्यात पाइप आता पहिल्या क्रमांकावर होता. त्यांनी आत एकदाही पाहिलं नाही, आणि आतून त्यांना जेवायला बोलावलं तेव्हा ते बॉनेट उघडं टाकूनच गेले.

परतीला ऊन उतरलं होतं. टाकीत गावातून घेतलेलं आणखी तेल होतं. इंजिनाची जी काही वाट लागायची ती लागत होती. मी फसलेल्या प्रयोगाची बातमी कशी द्यावी असं विचारायला पुढे वाकलो, तर सरांनी मागे न पाहता हात वर केला. काकू झोपल्या होत्या. डोकं कडेच्या गजाला टेकलेलं, तोंड किंचित उघडं, मांडीवर भावाने दिलेली साडी. गाडीत झोपलेल्या माणसाइतकी साधी गोष्ट रस्त्यावर दुसरी नसेल. सर मात्र खड्डे असे चुकवत होते की जणू गाडीत काचेचं सामान आहे.

उतारावर एक भरलेला ट्रक मागे आला. त्याने हॉर्न दिला, पुन्हा दिला. सरांनी जीप कडेला घेतली आणि थांबवली. उतरले, काकूंच्या बाजूला गेले, रेक्झिनचा पडदा सोडला आणि त्याचं खालचं टोक हाताने धरून ठेवलं. ट्रक काळा धूर सोडत निघून गेला. सर तिथेच उभे राहिले, पडदा धरून, हवेत नाक वर करून. एकदा हुंगलं, थांबले, पुन्हा हुंगलं. रस्ता केव्हाच मोकळा झाला होता.